खळ लावलेली मोटार

मोटारीच्या तारांना मी खळ लावली. चूक एवढीच. बाकीचं सगळं उंदरांनी केलं.

पुण्याहून निघताना माझ्या जुन्या मोटारीविषयी घरच्यांनी वर्तवलेली सगळी भविष्यं सोलापूर दिसेपर्यंत खोटी ठरली होती. वेशीपाशी मात्र भोंगा आपण होऊन वाजू लागला. एक म्हैस उधळली आणि एक टांगेवाला माझ्या घराण्याविषयी बोलला. झाकण उघडलं, तर तारांची जुडी पत्र्याच्या कडेला घासून तिचं सुती वेष्टण फाटलेलं.

गॅरेजवाला म्हणाला, "डांबरी फीत हाय की. पण हातातलं काम होऊ द्या, तासभर बसा."

तासभर बसेल तो मी कसला!

घाईला कारण होतं. माझ्या आत्याचा एकुलता एक मुलगा रघू दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मुंबईला आणि तिथून बोटीने आफ्रिकेला नोकरीवर निघाला होता. तो सोलापुरात बांधाबांध करत होता, आत्या वळसंगला. "दादा, आईला तेवढं ठेसनावर आण," त्याने मला कळवलं होतं. "परत कधी दिसंल कुणास ठाऊक."

पलीकडच्या गल्लीत विणकरांनी रस्ताभर ताणा (उभा धागा) पसरून त्याला खळ (पिठाची कांजी) दिली होती. वाळलेलं सूत चामड्यासारखं ताठ झालेलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओट्यावरच्या बाईंकडे मी मूठभर सूत आणि वाटीभर खळ मागितली.

"अय्यो! मोटारीला लुगडं विणतंय काय?" तेलुगू वळणाच्या मराठीत त्या म्हणाल्या, पण दिलं. त्यांच्या मागाखाली एक लठ्ठ मांजर झोपलं होतं. विणकराच्या घरी मांजर कशाला पाळतात, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी त्याच्या मिशांचं कौतुक करत बसलो आणि जुडीला सूत गुंडाळून वर खळ चोपडली.

वळसंगच्या वाटेवर भोंग्याने ब्र काढला नाही. दुतर्फा काळं रान, उपटून रचलेले शेंगांचे वेल, मधूनच हुरड्याला आलेली ज्वारी. मी गात होतो.

आत्याने पुढ्यात गरम माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ पेय) ठेवलं. रघूसाठी तिने कडक भाकऱ्या वाळवल्या होत्या, शेंगांची चटणी कुटली होती. त्यांची गाठोडी ती पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. गाडीवान गुरप्पा दारात आला.

"आक्का, तांबडं फुटायच्या आत जुपतो. लांब हाय की."

"बैलांना झोपू दे रे," मी म्हणालो. "मोटार तासात नेईल."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

गुरप्पा शेंगांची पोती घेऊन अक्कलकोटच्या बाजाराला निघून गेला. मोटार मी कडब्याच्या गंजीशेजारी लावली.

सकाळी आत्या नवं लुगडं नेसून आत बसली. मी हँडल फिरवलं. धूर निघाला आणि मोटार गप्प झाली. झाकण उघडलं, तर खळ नाही, सूत नाही, खालचं मूळ वेष्टणही नाही. उंदरांची पंगत उठली होती. तारांना ओळखायचे रंग त्या वेष्टणावरच होते. आता साऱ्या नागड्या आणि एकसारख्या, एकमेकींना टेकून काही जळून तुटलेल्या. जळालेल्या तुकड्यांची टोकं पिळून जोडायची, हँडल मारायचं. कधी दिवा लागे, कधी भोंगा बोंबले. गावात बैलगाडीही उरली नव्हती. सगळ्या बाजाराला गेलेल्या.

"गुंडाळायला चिंधी दे गं," मी ओशाळून म्हणालो.

ती आत जाऊन जुनं काहीतरी आणील असं मला वाटलं. तिने नव्या लुगड्याचाच पदर दाताने धरून फाडला. "हे घे. उशीर नगं."

मोटार सुरू झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

स्टेशनावर फलाट मोकळा होता. हमाल म्हणाला, "मेल गेली की. एक जण लई वेळ दारात हुबा हुता. गाडी हलली तरी आत जाईना."

"आपण पुढच्या केम स्टेशनात गाठू तिला!" मी म्हणालो.

आत्या रुळांकडे बघत उभी राहिली. फाटका पदर तिने मुठीत धरला होता.

परतीला मोटार इतकी सुरळीत चालली की मला तिचाच राग आला. त्यानंतर पुष्कळ गावं पाहिली. कुठेही निघालो की तो रिकामा फलाट आधी लागतो. ज्या तासभरासाठी मी गॅरेजात बसलो नाही, तो तास मला अजून कुणी परत दिलेला नाही.

त्या दिवशी परतताना वळसंगजवळच्या ओढ्याशी आत्याने मांडीवरचं गाठोडं सोडलं, भाकरीवर चटणी घातली आणि माझ्यापुढे धरली.

"खा बाळू. उंदरांची जेवणं झाली, तूच तेवढा राहिलायस."