गोठ्यातली रेसगाडी

ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने पळू शकणारी मोटार आमच्या बोरी गावात एकच आहे, ती माझी आहे, आणि ती गोठ्यात बांधलेली असते.

'बांधलेली' हा शब्द आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. मी जिंतूरला दातांचा डॉक्टर आहे. लोकांच्या अक्कलदाढा काढता काढता माझी स्वतःची अक्कलही बहुधा कुठल्यातरी ट्रेमध्ये राहून गेली असावी, कारण चाळिशी उलटल्यावर मी पुण्याहून एक वापरलेली, लालभडक, दोनच सीटची आणि पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटणारी स्पोर्ट्स कार घेऊन आलो. ('लहानपणापासूनचं स्वप्न होतं,' असं मी सगळ्यांना सांगतो. 'चाळिशीत लोक चष्मा घेतात,' असं माझी बायको सुरेखा सगळ्यांना सांगते.)

अशी गाडी नुसती ठेवायची नसते, तिची सेवा करायची असते! इंजिनातलं तेल गरम झाल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. तेल पुण्याहून मागवायचं. धुताना दोन बादल्या, एकीत साबण आणि दुसरीत साधं पाणी. फडकं एकदा जमिनीवर पडलं की त्यात खडा अडकला असं समजायचं आणि ते पुन्हा गाडीला लावायचं नाही, घरच्या फरशीला द्यायचं. (आमची फरशी हल्ली जिंतुरात सगळ्यात चकचकीत आहे.) दर रविवारी चारी टायरची हवा मोजायची. माझं स्वतःचं ब्लडप्रेशर मी शेवटचं कधी मोजलं ते मला आठवत नाही.

जिंतूरच्या आमच्या गल्लीत गाडी ठेवायची सोय नव्हती. उंदीर वायरी कुरतडायचे, मांजरं टपावर झोपायची. इकडे बोरीत आबांचा गोठा रिकामा पडला होता. गुडघे साथ देईनात म्हणून आबांनी आपली बैलजोडी उन्हाळ्यातच माझ्या बहिणीकडे, देवगाव फाट्याजवळच्या तिच्या सासरी देऊन टाकली होती. जोडी गेली त्या दिवसापासून आबा गोठ्याकडे पाठ करून बसायचे. मी गाडी तिथे नेऊन उभी केली, तेव्हा आबा काठी टेकत आले आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"खातंय काय हे?"

"पेट्रोल. तेबी साधं चालत न्हाई, भारीतलं लागतंय."

"आन् काम काय करतंय?"

"काम काई न्हाई, आबा. नुसतं पळतंय."

"इंजन दाव."

मी मागचं झाकण उघडलं. माझ्या गाडीचं इंजिन पाठीमागे आहे आणि जाणकार लोक ते बघून माना डोलावतात. आबांनीही डोलावली, पण आडवी.

"म्हंजी गाडी म्होरं आन् बैल मागं! ज्यानं केली त्यानं जल्मात कदी औत हाणलं नसंल."

पण बघता बघता आबांना तिचा लळा लागला. डास चावू नयेत म्हणून ते संध्याकाळी तिला लिंबाच्या पाल्याचा धूर करायचे. तोंड उगवतीला असावं म्हणून त्यांनी मला ती वळवून लावायला सांगितली. येता-जाता तिच्या टपावर थाप मारायचे. मी सुरेखाला अभिमानाने म्हणालो, "बघ, आबांना गाडीतलं कळायला लागलं." ती म्हणाली, "त्यांना बैलातलं कळतंय. तुमी जपून ऱ्हावा." बायकोचं वेळेवर ऐकायची रीत आमच्या घराण्यात नाही.

मग पोळा आला.

आमच्या गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जाते ती पाटलांची जोडी आणि दुसरी आमची. आबांच्या आज्यापासून हा मान चालत आलेला. ज्या घराचं जनावर त्या दिवशी वेशीत उभं राहत नाही, त्याचा मान पुढच्या घराला जातो, आणि पुढचं घर म्हणजे आबांचे चुलतभाऊ भगवानकाका. काकांनी आखाडापासूनच आपल्या बैलांना सरकी चारायला सुरुवात केली होती. दिलेली जोडी एका दिवसापुरती मागवावी, तर पोळा बहिणीच्या गावालाही त्याच दिवशी! आबा जेवेनासे झाले. माझी माय फोनवर म्हणाली, "संजू, ह्यांचं काय खरं न्हाई. मान गेला तर हे खाटंवरून उठायचे न्हाईत."

मी घाबरून पाटलांकडे गेलो आणि जोडीच्या जागी माझी गाडी चालेल का, असं विचारलं. पाटलांनी विचार केला. मिरवणुकीच्या शेपटाला दोन-चार ट्रॅक्टर ते चालवून घेतच होते.

"चालतं असलं तर जनावर," पाटील म्हणाले. "पन कासरा आबांच्या हातात पायजे. मानाची रीत हाय ती."

झालं! आबा त्या दिवशी तीन भाकरी जेवले.

मी फक्त एक अट घातली. गाडीला रंग लावायचा नाही. गेरू नाही, हिंगूळ नाही, पाठीवर काही लिहायचं नाही. आबांनी सगळं कबूल केलं. पोळ्याच्या सकाळी मी आणि सुरेखा जिंतूरहून पोचलो तर गाडीच्या पाठीवर आरशांची झूल, दोन्ही बाजूंच्या आरशांना गोंडे, काचेखाली बाशिंग आणि नाकावरून घागरमाळ! बंद पडली तर ओढून न्यायला या गाडीला पुढे एक लोखंडी कडी लावता येते. आबांनी ती माझ्याकडून लावून घेतली आणि कासरा ओवला. "येसणीला जागा ठिवलीच हाय की. अगदीच अडाणी न्हाई करणारा," ते म्हणाले.

निघालो. पुढे हलगी, मग पाटील आणि त्यांची जोडी, मग नवं धोतर नेसून कासरा धरलेले आबा, मग मी, आणि मागे अगदी बंपरला शिंगं लावून भगवानकाका. सगळं गाव ओट्यावर येऊन बघत होतं. तूप-हळदीचा मंद वास येत होता. घरोघरी पुरणपोळ्या चालल्या असतील म्हणून मी तो छातीभर ओढून घेतला. आबांची मान इतकी ताठ मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

काळजी एकच होती, क्लचची. अडीचशेच्या गाडीला बैलाच्या चालीने चालवलं की क्लच घासतो, आणि घासलेला क्लच ही जाणकाराला अब्रूची गोष्ट वाटते. वेशीकडचा उतार लागला तसा मी हुशारीने गिअर काढला, गाडी मोकळी सोडली (शौकीन माणूस यंत्राला कसा जपतो बघा!) आणि ब्रेकवर अलगद पाय ठेवला.

गाडी अलगद पुढे निघाली.

मी जोरात पाय दाबला. गाडी जोरात पुढे निघाली. मी हँडब्रेक ओढला, तो मुकाट्याने हातात वर आला आणि गाडीवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. त्या घाईत काचेवरचे वायपर मात्र सुरू झाले.

"आरं दमानं!" आबा ओरडले. "कासरा ढिल्ला पडायलाय!"

"थांबंना झालीय, आबा!"

"हो म्हन तिला! हो!"

आणि मी, दंतवैद्यकाची पदवी घेतलेला माणूस, खिडकीतून डोकं काढून खरोखरच "होऽऽ होऽ" म्हणालो. तिने ऐकलं नाही. आबा टुणकन बाजूला झाले (गुडघे त्या दिवशी एकदम बरे होते) आणि कासरा त्यांच्या हातातून सुटला. मी हॉर्न दाबला. त्या आवाजाने पाटलांची जोडी बुजून डाव्या अंगाला झाली आणि मधे उरले एकटे पाटील. उधळलेल्या बैलापुढे उभं राहावं तसे दोन्ही तळहात पुढे करून ते ठाम उभे राहिले.

"हाऽऽ! हाऽऽ!"

पाटील धिप्पाड माणूस, पण माझ्या गाडीचं नाक गुडघ्याइतकंच उंच! त्यामुळे ते पडले नाहीत. ते बसले. माझ्या बॉनेटवर मांडी घालून, तोंड माझ्याकडे आणि पाठ वेशीकडे करून बसले. आमची नजरानजर झाली. वायपर चालू होते.

"डाक्टर, कुठं निघालाव?" पाटलांनी विचारलं.

मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. वेशीत भटजींची मंगलाष्टकं चालू होती. 'सावधान' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि समोर बघून ते इतके सावधान झाले की एका उडीत मारुतीच्या ओट्यावर चढले. तोरण तटकन तुटलं आणि अख्खंच्या अख्खं पाटलांच्या गळ्यात पडलं.

आता तोरण तुटणं म्हणजे पोळा फुटणं. एकदा पोळा फुटला की बैल आपापल्या घराकडे धावतात, हे गावातल्या बैलांना माणसांपेक्षा जास्त पक्कं ठाऊक असतं. मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "पोळा फुटला रेऽऽ!" आणि पूजा नाही, नैवेद्य नाही, गावातल्या सगळ्या जोड्या एकदम उधळल्या! बैलांमागे मालक, मालकांमागे ओवाळायचं ताट घेतलेल्या बायका. सरकी खाऊन माजलेल्या आपल्या बैलांनी ओढत नेलेले भगवानकाका मला आरशात गोंड्याआडून ओझरते दिसले.

वेशीपलीकडे भगवानकाकांचीच कडब्याची गंजी होती. गाडी तिच्यात शिरली आणि दारापर्यंत आत जाऊन शांत झाली. पाटील गंजीच्या माथ्यावर जाऊन टेकले, तोरणासकट.

चाकांतून धूर निघत होता, आणि त्या धुराला साजूक तुपाचा खमंग वास होता. आबा धावत आले.

"आबा," मी विचारलं, "चाकांना काय लावलं तुमी?"

"काल खांदमळणी न्हवती का?"

खांदमळणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळायचे. वर्षभर ओढून ओढून शिणलेला खांदा, त्याची एवढी सेवा तरी करावी, अशी आमच्याकडची रीत.

"हिचा खांदा कुठंय, लय शोदला," आबा सांगू लागले. "मंग चाकाच्या आत ती गोल, गुळगुळीत चकती दिसली. समदा घासटा तिलाच बसत आसंल, म्हनलं ह्योच खांदा. चांगलं तूप जिरवलं. चारीला. डावं-उजवं केलं न्हाई."

"आबा, तो ब्रेक हाय!"

"मंग सांगायचं की! तू रंग लावू नका म्हनलास. तूप लावू नका म्हनला न्हाईस."

खरं होतं. बादल्या, फडकी, तेल, हवा, सगळ्याचे नियम मी केले होते. तुपाचा राहून गेला होता.

तेवढ्यात भगवानकाका धापा टाकत परतले. "झालं! आबांचा मान गेला! पाटलाच्या आदी तोरण तोडलं!"

आबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाटलांकडे पाहिलं नाही, कासऱ्याचं टोक हातात घेऊन नुसते उभे राहिले. माझ्या लाल रंगावर किती ओरखडे पडले असतील हा विचार त्या घडीला माझ्या मनात आला नाही. (घरी गेल्यावर आला.) माझ्यामुळे म्हाताऱ्याचा मान जाणार, एवढंच डोक्यात होतं.

गंजीवरून पाटलांचा आवाज आला. "भगवान, तोरणाखालून पहिलं कोन गेलं?"

"तुमीच... म्हंजी तुमी गाडीवर बसून..."

"पहिला मी. माझ्यामागं आबांची गाडी. पहिला पाटील, दुसरे आबा. रीत कुठं मोडली, सांग?"

काका तरी हार मानीनात. "बरं, मंग ववाळा! ववाळल्याबिगर मान लागत न्हाई. जनावराचं तोंड कुठंय?"

माय आणि सुरेखा ताट घेऊन येऊन थांबल्या. तोंड कडब्यात होतं. गाडी मागे ओढावी, तर मानाचं जनावर ओवाळण्याआधी मागे घेत नाहीत. सगळ्यांनी गाडी इकडून तिकडून न्याहाळली. कडब्याबाहेर तिला तोंड म्हणावं असं एकच होतं, आणि ते खिडकीतून बाहेर डोकावत होतं.

"हे काय, हितंच हाय की तोंड!" आबा म्हणाले आणि कडब्यात हात घालून काचेखालचं बाशिंग काढून माझ्या कपाळाला बांधलं.

मायने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. सुरेखाने ओवाळलं, आणि लग्नातही तिने मला इतक्या मनापासून ओवाळलं नव्हतं. मग मायने पुरणपोळीचा मोठा घास माझ्या तोंडात कोंबला आणि आबांनी माझ्या मानेवर थाप मारून "शांत ऱ्हाय, शांत" म्हटलं.

"पन पाटील," भगवानकाकांनी शेवटचा प्रयत्न केला, "ह्यो बैल हाय का?"

पाटलांनी सुरेखाकडे पाहिलं. ती पदर सावरून म्हणाली, "काका, लगीन झाल्यापासून मी हेच सांगायलेय. आज पहिल्यांदा कुनी विचारलं."

गंजीवरून पाटील म्हणाले, "मान आबांचाच." सगळे माझ्याकडे बघू लागले. मला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडात पुरणपोळी होती. मी नंदीबैलासारखी मान हलवली.