घोरणं थांबलं तेव्हा

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बत्तीशीकाकांच्या हातचं होतं, आणि ही गोष्ट कुणी विचारली नाही तरी काका सांगायचे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत सत्तावीस वर्षं त्यांनी कवळ्या घडवल्या. पुढे डॉक्टरीणबाई, मागे काका, मध्ये एक खिडकी. तिच्यातून दातांचे ठसे आत यायचे आणि कवळ्या बाहेर जायच्या. नुसता ठसा बघून माणूस कुठल्या बाजूने चावतो, रागात दातओठ खातो की नाही, हे काका ओळखायचे. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं, त्यामुळे डोक्यात जरा हवा गेली होती.

एकाच बाबतीत त्यांची मान खाली जायची. काका घोरायचे, आणि साधंसुधं नव्हे. शेजारीण जिन्यात भेटली की विचारायची, "काल काय, कपाटं सरकवत होतात का?" घोरता घोरता आवाज एकदम तुटायचा. छाती नुसतीच हलायची, आणि मग बुडता माणूस पाण्यावर यावा तसा गचका देऊन श्वास परत यायचा. आवाज तुटला की काकू जाग्या होऊन त्यांना कोपराने ढोसायच्या. सकाळी काकांचं डोकं जड, आणि दिवसभर जांभया.

"काका, हे नुसतं घोरणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपेत तुमचा घसा मिटतो आणि श्वास अडतो. आधी झोपेची तपासणी करून घ्या. मग काय द्यायचं ते ठरवू."

"काय द्यायचं ते मला सांगताय?" काका हसले. "तुम्ही पेशंटना देता ती साधनं घडवतो कोण?"

तेही खरंच होतं. वरच्या दातांवर एक पारदर्शक पट्टी, खालच्या दातांवर दुसरी, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. झोपताना घातली की खालचा जबडा पुढे धरला जातो, जीभ मागे पडत नाही आणि श्वासाची वाट मोकळी राहते. अशी चाळीसेक साधनं काकांच्या हातून गेली होती. मग स्वतःसाठी तपासणीच्या नावाने अंगाला तारा लावून झोपायचं, म्हणजे काकांना कमीपणाच वाटला. एका सुट्टीच्या दिवशी दाढीच्या आरशासमोर जबडा पुढे काढून त्यांनी मऊ मेणाची पट्टी चावली आणि स्वतःचं माप स्वतःच घेतलं. डॉक्टरीणबाईंना कळलं तेव्हा साधन तयार होतं. त्या चिडल्या, तपासणीचं पुन्हा पुन्हा बोलल्या, पण काकांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

"घोड्याला लगाम घालतात तसं दिसतंय," काकू म्हणाल्या. तेव्हापासून त्याचं नाव लगामच पडलं.

दर दोन-तीन दिवसांनी काका स्क्रू थोडा फिरवायचे आणि सकाळी विचारायचे, "आवाज?" काकू सांगायच्या, "कमी आहे." तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "नव्हता." काकांनी स्क्रू फिरवणं तिथेच थांबवलं. कवळी बोलताना वाजली की चुकली, वाजली नाही की बसली. सत्तावीस वर्षं त्यांना हीच परीक्षा ठाऊक. आवाज बंद म्हणजे काम फत्ते!

मग काय, भेटेल त्याला काका सांगत सुटले, "बायकोला लग्नानंतर पहिल्यांदा शांत झोप मिळवून दिली." काकू शेजारी असल्या तर नुसत्या हसायच्या. त्या हल्ली भाजीत दोनदा मीठ घालायच्या, गॅसवर दूध ठेवून विसरायच्या. "एवढी झोप मिळते तरी हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे," काका चिडवायचे.

त्यांच्या स्वतःच्या जांभया मात्र गेल्या नव्हत्या. ते वयावर ढकलून मोकळे झाले होते.

ठशात भरायला प्लास्टर कालवलं की हातात चार-पाच मिनिटं असतात. आवाज बंद होऊन तीनेक महिने झाल्यावर एके दिवशी सकाळी अकराला डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून डोकावलं, तर काका स्टुलावर, भिंतीला टेकलेले, तोंड उघडं. मांडीवर प्लास्टरचं रबरी भांडं. हाका मारल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि घाईघाईने चमचा ओढला. चमच्याबरोबर अख्खं भांडं वर आलं. प्लास्टर दगड झालं होतं. शेजारी ऐंशी वर्षांच्या आजोबांचा ठसा वाळून आक्रसला होता. त्यांना पुन्हा बोलवावं लागणार होतं.

सत्तावीस वर्षांत काकांच्या भांड्यात प्लास्टर कधी आवळलं नव्हतं. डॉक्टरीणबाई एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. काकांना त्याचीच भीती वाटली. त्यांनी तपासणीचं छोटं यंत्र निमूटपणे घरी नेलं आणि लगाम घालूनच ते बांधून झोपले.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "काका, लगाम घातलेला असतानाही तासाला अडतीस वेळा तुमचा श्वास अडलाय."

"यंत्र बिघडलं असेल," काका म्हणाले. "मी आता घोरतच नाही. हिला विचारा ना!"

काकू हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. "घोरत नाहीत, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "आधी आवाज तुटला की मला जाग यायची. मी ढोसलं की तुम्ही श्वास घ्यायचात. आता आवाजच नाही. श्वास चाललाय की थांबलाय, मला कळणार कसं? म्हणून तुमच्या छातीवर हात ठेवून बसते."

"रोज?"

"आवाज बंद झाल्यापासून. पहाटे कधीतरी डोळा लागतो."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला झोप मिळवून दिली म्हणून जगाला सांगत होतात. केवढे खूश होतात!"

सगळ्या गावाचे जबडे ओळखणाऱ्या या माणसाला शेजारच्या उशीवरचं माणूस जागं आहे, हे तीन महिने कळलं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"घोरणं थांबलं म्हणजे आजार थांबला असं नाही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणूनच आधी आणि नंतर मोजायचं असतं. तुमचा त्रास नुसत्या लगामाने आवरणारा नाही. झोपेच्या डॉक्टरांशी बोलले मी. नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन लागेल. ते परवा येईल. तोवर पाठीवर झोपू नका, आणि मेण वितळवायच्या बर्नरजवळ एकटे बसू नका."

परवा म्हणजे अजून दोन रात्री.

दुपारी घरी आल्यावर काकांनी पडदे ओढले. "तू झोप," ते म्हणाले. "मी जागा आहे."

"तुम्ही? तुम्ही तर जेवता जेवता पेंगता."

"नाही पेंगणार. तू झोप गं."

काकूंनी त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहिलं, पण डोकं टेकताच त्यांना झोप लागली. थोड्या वेळाने त्यांच्या नाकातून बारीक घुर्र घुर्र ऐकू येऊ लागलं. बायको घोरते, हे काकांना आजच कळत होतं. ते कान देऊन ऐकत राहिले. प्रत्येक श्वास आत गेला की तो बाहेर येईपर्यंत त्यांचा जीव वर-खाली होत होता.

मग त्यांच्याही पापण्या जड झाल्या. खुर्ची दोन पावलांवर होती. बसलो की डोळा लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भिंतीला हात लावून काका उभेच राहिले.