वीसपुढचा H

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. चिंचवडच्या आमच्या छोट्या कारखान्यात लोखंडी दांडे तापवून कडक करायच्या यंत्राला नवं इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवलं. किती सेकंद तापवायचं ते आठ खटक्यांवर लावायचं; एकचा, दोनचा, चारचा, असे दुपटीने वाढत एकशे अठ्ठावीसपर्यंत, आणि वर केलेल्यांची बेरीज म्हणजे सेकंद. मी नुकताच लागलेला इंजिनिअर. वेळ साध्या आकड्यात लिहून दिली असती तरी काही बिघडलं नसतं. पण कार्डाच्या पुस्तकात हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या हिशेबातली पद्धत होती आणि मला मिरवायचं होतं.

यंत्रावरचे मामा पिंपळे गुरवचे, सातवी शिकलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना खडूने शिकवलं. नवानंतर A म्हणजे दहा, असं करत F म्हणजे पंधरा. डावा अंक गुणिले सोळा, त्यात उजवा मिळवायचा. 2C म्हणजे बत्तीस आणि बारा, चव्वेचाळीस. मग बत्तीसचा, आठचा आणि चारचा खटका वर, बाकीचे खाली. मामांनी आठ दिवसांत ते असं उचललं की मीच चाट पडलो. कोष्टक त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. "आता आमी बी कंप्युटरवाले," असं म्हणत कँटीनमध्ये मला चिडवायचे.

वेळ लिहून द्यायच्या माझ्या कागदावर तोवर प्रत्येक वेळी एखादं अक्षर असायचंच. एके दिवशी नुसतं 20 आलं. सोळाच्या हिशेबात ते बत्तीस. घोळ होऊ नये म्हणून अशा आकड्यापुढे H लिहायचा असतो. मी तो कधीच लिहीत नव्हतो, मामांना सांगितलाही नव्हता. त्यांनी सरळ वीस वाचलं आणि सोळाचा नि चारचा खटका वर केला. दिवसभराचे दांडे मऊ राहिले, सगळे भंगारात गेले.

मॅनेजरसाहेबांनी माझा कागद मागवला. तो वर नेताना जिन्यात थांबून मी खिशातलं पेन काढलं आणि 20 च्या पुढे H लिहिला. साहेबांनी तो मामांना दाखवला आणि त्यांना यंत्रावरून काढून पॅकिंगला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मामा वही घेऊन माझ्याकडे आले. वाटलं, ओळखलं यांनी.

"साहेब, ह्यो एच तुमी सांगितला नव्हता, का माज्याच ध्यानात न्हाई ऱ्हायला?"

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. आजही स्वतःची लाज वाटते. मी म्हणालो, "सांगितला होता, मामा."

"व्हय, असंल. वय झालं आता," म्हणत त्यांनी वही उघडली आणि कोष्टकाखाली H लिहून घेतला.