गुड फ्रायडेचा टाळ

गुड फ्रायडेच्या दिवशी चर्चमध्ये टाळ वाजवायचा नसतो, हे मले सत्तरी उलटल्यावर समजलं. समजलं म्हणजे, वाजवून झाल्यावर समजलं.

माझी बायको शेवंता दरवर्षी त्या दिवशी शेजारच्या फिलोमिनासोबत चर्चमध्ये जायची. आम्ही माळकरी, फिलोमिना जशपूरकडची ख्रिस्ती, पण हुडको कॉलनीत आमची भिंत एक. वरण इकडून तिकडे, लोणचं तिकडून इकडे. तिथं लोक क्रूसाच्या पाया पडते तेव्हा एक गाणं म्हणते, ते ऐकायले शेवंता जायची. आली की दोन-तीन दिवस भाजी चिरता चिरता तेच गुणगुणायची.

"मले कावून नेत नाहीस?" मी विचारायचो.

"तुमचं तिथं काम नाही."

"पण कावून?"

मग ती गप्प. शेवंताची एक खोड होती. चुकली की तासभर भांडायची, बरोबर असली की गप्प बसायची.

मागच्या दिवाळीनंतर ती गेली. घरात सगळं जागच्या जागी आहे, ते गुणगुणणं तेवढं नाही. चाल आठवायले जावं तर आमच्या मंडळाचंच भजन तोंडात येते! म्हणून यंदा ठरवलं, आपणच जायचं. त्या गाण्यात असं काय आहे, आणि मले तिथं बंदी कावून होती, दोन्ही पाहूनच यायचं.

"बाबा, देवाच्या दारी रिकाम्या हातानं नका जाऊ," म्हणून सूनबाईनं नारळ, हार, उदबत्ती पिशवीत घालून दिली. टाळ माझ्या खिशात होताच. (लोकांच्या खिशात चष्मा असते, माझ्या खिशात टाळ.)

फिलोमिनानं चर्चच्या फाटकातच पिशवी धरली. "भाईसाब, ये नारियल किसलिए?"

"फोडायले."

"हे भगवान! आज दुख का दिन है, आज कुछ नहीं फोड़ना!"

नारळ गेला, हार गेला, उदबत्ती गेली. खिसा मात्र तिनं तपासला नाही. आता ही चूक तिची का माझी?

आत पाहतो तर सगळंच नवल! वाजवायची पेटी कपड्यानं झाकून ठेवलेली. घंटीच्या जागी एक माणूस लाकडाची फळी टकटक वाजवून राहिला.

"घंटी चोरीले गेली का?" मी हळूच विचारलं. (प्लांटमध्ये जन्म गेला, माझं हळू म्हणजे तीन बाकांपर्यंत.)

"चुप बैठो ना, भाईसाब!"

लाल झगा घातलेल्या फादरनं क्रूसावरचा कपडा काढला. लोक अनवाणी रांगेनं गेले, गुडघे टेकून येशूच्या पायाले ओठ लावू लागले. आणि एका म्हातारीनं ते गाणं उचललं. तेच! शेवंताचं! मी कान टवकारले. गाण्यात देवच माणसाले विचारून राहिला होता, बाबा रे, मी तुझं काय बिघडवलं? आमच्यात भक्त देवाजवळ गाऱ्हाणं करते, इथं देवच गाऱ्हाणं करून राहिला! अन् किती शांत, भांडणाचा सूर नाहीच. मले भरून आलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या मंडळाचा नियम आहे, वाजवणारा आला नाही तर ज्याच्याजवळ टाळ आहे त्यानं सांभाळून घ्यायचं, भजन उघडं पडू द्यायचं नाही. इथं तर पेटी झाकलेली, ढोलक नाही, तबला नाही. सारे वाजवणारे सुट्टीत गावाले गेलेले दिसते! म्हातारी बिचारी चार गाणाऱ्यांले घेऊन नुसत्या गळ्यावर ओढून राहिली. म्हटलं, शेवंताचं गाणं, अन् मी असून उघडं पडते म्हणजे काय!

छन्न!

सारं चर्च वळलं. मले वाटलं, खूश झाले. छन्न, छन्न! भजनात लय वाढतेच, माझीही वाढली. गाणाऱ्यांतले अर्धे माझ्यासोबत धावले, अर्धे म्हातारीजवळ राहिले. रांगेतले लोक तर असे भराभर गुडघे टेकून उठू लागले, जशी काही शिफ्ट सुटली! फळीवाला मले थांबवायले टकटक करू लागला. मी समजलो, साथ देऊन राहिला. त्याले मान डोलावून दाद दिली!

फिलोमिनानं माझा हात ओढला. दोरी जुनी होती, तुटली. टाळाचं एक पान उडालं, फरशीवर वाजत वाजत थेट फादरच्या पायापाशी. फादरनं ते उचललं अन् मुठीत धरलं. तेव्हा कुठं आवाज बंद झाला. मीही.

बाहेर फादरनं पान हातात ठेवलं. "काकाजी, आज हमारे यहाँ कोई बाजा नहीं बजता. कल रात को आइए, घंटी भी बजेगी, आप भी बजाइए."

मी फिलोमिनाले म्हटलं, "शेवंता कावून नेत नव्हती, ते तर शेवटी समजलंच नाही."

फिलोमिना पदरात तोंड लपवून हसू लागली. "भाईसाब, मैं हर साल बोलती थी, भाभी, भैया को भी ले चलो. वो बोलती, नको बाई. ते तिथं टाळ वाजवतील."

घरी येऊन दोन्ही पानं शेवंताच्या फोटोपुढं ठेवली. "हो, वाजवला," म्हटलं. ती गप्प. बरोबर असली की ती बोलत नव्हतीच. आता तर कायमचीच बरोबर होऊन बसली आहे.