तूरडाळ आणि माझं हिरवं पोस्टर

"महिना झाला, एक पाकीट हललेलं नाही," वानखेडे साहेब म्हणाले. "सोमवारी हा रॅक रिकामा करा. मला तिथे साबण लावायचाय."

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कर्मचाऱ्यांचं सहकारी भांडार होतं. सगळं बाजारापेक्षा स्वस्त. मी तिथली मॅनेजर, साहेब सेक्रेटरी. रॅकवर होती ऑर्गॅनिक तूरडाळ, म्हणजे रासायनिक खत-औषधाशिवाय पिकवलेली. रायसेनकडच्या एका गावातल्या बायकांच्या गटाकडून मी ती आणली होती. गटाच्या प्रमुख कमलाबाई. ही डाळ खपली तर पुढच्या वर्षीचीही घेऊ, असं मी त्यांना सांगून बसले होते. पेरणी तोंडावर आलेली. आम्ही नाही म्हटलं की त्या मुकाट पुन्हा युरियाकडे वळणार.

आणि डाळ पडून होती ती माझ्यामुळे. मी नुकतंच एक ट्रेनिंग करून आले होते, जगाला शहाणं करायची घाई होती. डाळ चकचकीत हिरव्या पाकिटांत बंद केली. वर पानाचं चित्र. रॅक वेगळा, दाराशीच. त्यावर माझं स्वहस्ते रंगवलेलं आरोग्याचं पोस्टर, हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्हींत एकेक चूक. गिऱ्हाईक यायचं, आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं रॅककडे बघायचं आणि तेलाकडे वळायचं.

शनिवारी उंदरांनी दोन पाकिटं फोडली. माझ्या जाहिरातीला भुललेले तेवढेच. ती फेकली. बाकीचा माल धड आहे का बघावं म्हणून चार पाकिटं परातीत ओतली आणि काउंटरवरच निवडत बसले.

तेवढ्यात कारखान्यातल्या फिटर तिवारीजींच्या पत्नी आल्या. परातीत हात घातला, दाणा दाताखाली धरला.

"मॅडम, ये दाल कब आई? ये तो हमारे गाँव जैसी है. दो किलो दे दो."

"भाभी, यही तो ऑर्गॅनिक है. वो रॅकवाली."

"ना ना, वो बीमारोंवाली नहीं चाहिए. ये वाली दो!"

मी दोन किलो तोलून दिली. बाजारातल्या डाळीला पॉलिश करतात, म्हणजे घासूनपुसून चकाकी आणतात. ही बिनपॉलिशची, मळकट पिवळी. टाउनशिपमधलं एकेक घर कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेलं. अशी डाळ त्यांच्याकडे सासर-माहेरहून पिशवीतून यायची. आणि ती मळकट दिसते म्हणून मी बाई लाजून झाकून ठेवलेली!

त्याच संध्याकाळी सगळी पाकिटं कापली, डाळ पोत्यात ओतली आणि पोतं तांदळाशेजारी उघडं ठेवलं. पाटीवर दोनच शब्द: बिना पॉलिश.

सोमवारी साहेब साबणाचे खोके घेऊन आले, तर पोत्याभोवती बायका.

"हे काय?"

"तीच डाळ, साहेब. कपडे बदललेत."

मला मात्र चैन पडेना. दिसेल त्याला विचारत सुटले, का घेताय? कुणी म्हणे, चव. कुणी म्हणे, सासूबाई कुरकुरत नाहीत. आरोग्याचं नाव एकानेही घेतलं नाही. शेवटी ऑफिसर क्वार्टर्समधल्या कुलकर्णी वहिनींना गाठलं.

"वहिनी, तुमच्याकडे गाडी आहे. मोठ्या दुकानात ऑर्गॅनिक मिळतं की. या स्वस्ताच्या दुकानात कशाला?"

"अहो, तिथल्या पाकिटावर कोण विश्वास ठेवणार? तुमची डाळ खराब निघाली तर तुमच्या क्वार्टरवर येऊन भांडता तरी येईल!"

पंधरा दिवसांत डाळ संपली. कमलाबाईंनी पुन्हा तशीच तूर पेरली. साहेबांनी वार्षिक सभेत ही कल्पना आपलीच असल्याचं सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या.

वहिनी खरंच दोनदा भांडायला आल्या, एकदा खड्यांसाठी, एकदा सोंडकिड्यांसाठी. मी डाळ बदलून दिली, चहाही पाजला. धंद्यात मला कळलं ते एवढंच: माल उघडा ठेवावा आणि राहता पत्ता लपवू नये.