मामूंच्या सायकलची सीट

स्वतःच्या सायकलच्या सीटबद्दल आखातातल्या सबंध देरा वस्तीचं मत घेऊनही निर्णय न करू शकणारा माणूस माझ्या मामूंखेरीज दुसरा झाला नसेल. साठ सालानंतरची ती वर्षं. देऱ्यात डांबर कमी, वाळूच फार. मामूंची सायकल चाळीस रुपयांची (तेव्हा तिथेही रुपयेच चालत), तिसऱ्या हातातून आलेली. सीटची स्प्रिंग फाटक्या रेक्झिनमधून वर डोकावायची, म्हणून तिच्यावर ते घडी घातलेली लुंगी बांधत. "चाळीसच्या सायकलला पंधराची सीट? लोक हसतील रे," असं म्हणत आणि तरीही दर जुम्म्याला दुरुस्तीवाल्याकडे भाव विचारायला जात. तो बिचारा त्यांना बघितलं की न विचारता चहा पुढे करी. कुठलीही वस्तू आठवडाभर उसनी वापरल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. एकाची घंटी आणली आणि आठव्या दिवशी परत केली. "बकऱ्या हलत नाहीत आणि माणसं मला बघूनच बाजूला होतात. मग घंटी कशाला?" उसनी सीट परत करताना मात्र त्यांचा चेहरा पडला. शेवटी त्यांनी पंधरा रुपये वेगळे काढले.

नेमका तेव्हाच मी रत्नागिरीहून आलो आणि त्यांच्या खोलीत पथारी टाकली. वस्तीबाहेरच्या एका गोदामात कारकुनी मिळाली होती, पण वाळू तुडवत पोचेपर्यंत रोज उशीर व्हायचा. तिसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "कल लेट आया तो नौकरी खलास!" रडवेल्या तोंडाने मी ते मामूंना सांगितलं. ते तडक सायकल घेऊन बाहेर पडले. परत आले तेव्हा सीटवर तीच लुंगी होती, पण मागे दणकट कॅरियर आणि त्यावर स्पंजची जाड गादी.

"मामू, सीट राहिली की!"

"अरे, ती अजून चालतेय. उद्यापासून तू मागे बसायचं. यल्ला, चल, झोप आता!"

दोन वर्षं मी त्या गादीवर बसून वेळेवर कामाला गेलो. नोकरी टिकली, बहिणीचं लग्न झालं. मामू वाटेत मधूनच पेडलवर उभे राहत, तेव्हा मला वाटे, काय ही हौस या वयात! मग ते कायमचे गावी गेले. बोटीवर चढण्याआधी सायकल माझ्या हवाली केली, लुंगी तेवढी सोडून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसलो. स्प्रिंग अशी टोचली की दहा पावलांत खाली उतरलो. मागच्या गादीकडे नजर गेली आणि डोळे भरून आले. मामूंनी माझ्यासाठी काय केलं, ते मला तेव्हा कुठे कळलं. पुन्हा वर बसवेना. हँडल धरून तसाच चालत निघालो आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कामावर उशिरा पोचलो.