पांढरी गिट्टी

पोंभुर्ण्याहून एसटी सुटली तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते. जन्मभर डांबराच्या कामावर राबलेला माणूस. “इंजिनियर हो माय, मंग आपल्या गावाचा रस्ता पाहजो,” एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. त्या वयात हो म्हणायला काय जातं?

आता मी पुण्यात एका लॅबमध्ये रस्त्यांचा माल तपासते. गावात राहिलेल्यांना माझं काम नेमकं काय असतं ते ठाऊक नाही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारत नाहीत, म्हणून सांगते. डांबर आणि गिट्टी, म्हणजे खडी, यांचे गोल ठोकळे करायचे. अर्धे कोरडे ठेवायचे, अर्धे दिवसभर गरम पाण्यात. मग सगळे मशीनवर दाबून फोडायचे. पाण्यातले फारच लवकर फुटले, तर तो रस्ता पावसात उखडणार.

गेल्या उन्हाळ्यात तपासायला आलेल्या मालाच्या पेटीवर आमच्याच गावाचं नाव होतं. गिट्टी गावाजवळच्या टेकडीची, पांढरी. वहिनीला डॉक्टरांनी बाळंतपणाची श्रावणातली तारीख दिली होती. पावसाआधी रस्ता झाला, तर गाडी दारात येणार होती. पाण्यातले ठोकळे लगेच फुटले. मी पुन्हा केले, तिसऱ्यांदा केले. दर वेळी काटा वर जावा म्हणून जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू? शेवटी ‘नापास’ लिहून सही केली.

निकाल सांगायला मी बाबांना फोन केला. “मले मालूम होतं. पांढरी गिट्टी डांबर धरत नाई. पन सारं गाव वाट पाहून राह्यलं होतं, मी कसा बोलू?” मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

काम थांबलं, आणि सही माझी होती हे गावभर झालं. वहिनीला भर पावसात बैलगाडीतून हायवेपर्यंत न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण गाव ती बैलगाडी विसरलेलं नाही. आता म्हणे गिट्टीने डांबर धरावं म्हणून चुना मिसळून रस्ता करणार आहेत.

भाद्रपदात मी गावी गेले. फाट्यावर उतरले तर बाबा चिखल तुडवत घ्यायला आलेले. गावाच्या तोंडाशी बोअरिंगच्या हापशावर पाणी भरणाऱ्या बायांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मी म्हटलं, मागच्या वाटेने जाऊ.

“काऊन?” बाबांनी माझी बॅग खांद्यावर घेतली. “तू लपाचं काम नाई केलं. चाल मधातून.”

गावाचा राग रास्त आहे, मी तो मोडून काढायला जात नाही. पण कुणी घर कुठे म्हणून विचारलं, की मला तो चिखल दिसतो आणि माझ्यापुढे चालणारे बाबा.